हेलिकॉप्टर जमिनीला बांधून उड्डाणाची चाचणी घेता येते का?

हेलिकॉप्टर जमिनीला जखडून ठेवल्यावर त्याची उड्डाणातली परीक्षा खरोखर होते का, असे आपण विचारले आहे. मी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत गिअरच्या चाचणी विभागात काम करतो. हेलिकॉप्टर हे माझे क्षेत्र नव्हे, परंतु त्याच्या गिअरबॉक्सचा, म्हणजे इंजिनाची शक्ती पात्यांपर्यंत पोचवणाऱ्या दातेरी चाकांच्या पेटीचा, अभ्यास मी वर्षानुवर्षे आस्थेने केला आहे. माझे उत्तर असे की, गिअरबॉक्सची परीक्षा बऱ्याच अंशी होते, पात्यांची मात्र अपुरी राहते.

आमच्याकडे गिअरवर भार देण्यासाठी डायनॅमोमीटर, म्हणजे फिरणाऱ्या शाफ्टला विरोध करून भार देणारे व मोजणारे यंत्र, जोडावा लागतो. हेलिकॉप्टरमध्ये तो भार रोटरच, म्हणजे वर फिरणारा पात्यांचा संचच, देतो. सांगाडा काँक्रीटच्या पायाशी घट्ट बांधून रोटर पूर्ण वेगाने फिरवतात आणि पात्यांचा कोन वाढवत नेतात, तेव्हा यंत्र वर उचलू पाहते पण उठू शकत नाही, आणि इंजिनापासून रोटरच्या शाफ्टपर्यंत प्रत्येक दात्यावर उड्डाणातल्यासारखा पीळ पडतो. अमेरिकेच्या नागरी नियमांनुसार लहान हेलिकॉप्टरसाठी ही चाचणी किमान 100 तासांची, तर मोठ्या वाहतूक हेलिकॉप्टरसाठी 200 तासांची असते. निकालावर परिणाम होईल अशा रीतीने यंत्रणा मध्येच उघडता येत नाही आणि शेवटी प्रत्येक भाग वापरण्याजोगा निघावा लागतो. मला ही न उघडण्याची अट फार मोलाची वाटते, कारण आवाज किंचित बदलला की झाकण काढून पाहण्याचा मोह चाचणी घेणाऱ्याला होतोच.

गिअरबॉक्समधले तेल गेल्यावर तो किती वेळ तग धरतो, हेही जमिनीवरच पाहतात. 12 मार्च 2009 रोजी कॅनडातील न्यूफाउंडलंडजवळ एस-92 हेलिकॉप्टरच्या मुख्य गिअरबॉक्सचे तेल गेले आणि सुमारे 11 मिनिटांत हेलिकॉप्टर समुद्रात कोसळून 17 जण दगावले. या परीक्षेचे महत्त्व त्यावरून कळते.

तापमानाची चाचणी बंद दालनात होते. फ्लोरिडातील मॅकिन्ले हवामान प्रयोगशाळेत उणे 54 पासून 74 अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे परभणीच्या मे महिन्यातील दुपारपेक्षा सुमारे 30 अंश अधिक तापमान निर्माण करता येते.

उणीव राहते ती पुढे जाण्याच्या वेगाची. उड्डाणात पुढे जाणाऱ्या पात्याला वारा अधिक आणि मागे येणाऱ्याला कमी मिळतो. बांधलेल्या यंत्रात हा फरक निर्माणच होत नाही, उलट खाली फेकलेली हवा जमिनीवर आपटून पुन्हा रोटरमध्ये शिरते. त्यासाठी कॅलिफोर्नियातील नासाच्या एम्स केंद्रात असलेल्या 80 बाय 120 फुटांच्या दालनासारखा प्रचंड वायुबोगदा लागतो, जिथे पूर्ण आकाराचा रोटर समोरून वारा सोडून तपासता येतो.