पणजोबा गावडे, आम्ही नेरूरकर: खरं आडनाव कोणतं?

तुम्ही विचारलंय की घरात सगळे नेरूरकर लावतात, पण जमिनीच्या जुन्या कागदावर पणजोबांचं नाव 'धोंडू गावडे' असं आहे. मग खरं आडनाव कोणतं, आणि पोटच्या पोराला दगडाचं नाव कोण ठेवतं?

आधी आडनाव. दोन्ही खरी आहेत. गावडे गावातलं, नेरूरकर गावाबाहेरचं. कुडाळ तालुक्यातल्या नेरूरमध्ये एखाद्याला नेरूरकर म्हणून काय कळणार? तिथे सगळेच नेरूरचे. गावात माणूस ओळखला जातो तो कुळावरून, वाडीवरून, देवळातल्या मानावरून. आमच्याकडे वाटेत अनोळखी पोरगं दिसलं की म्हातारी माणसं अजून "कोणाचो रे तू?" असंच विचारतात, आणि उत्तरात आजोबांचं नाव नि वाडी सांगायची असते. मुंबईत मात्र "खंयचो?" एवढंच विचारलं जायचं आणि त्याचं उत्तर गावाचं नाव हेच असायचं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहिल्या तेव्हा त्यातले बहुतेक कामगार रत्नागिरी जिल्ह्यातून आणि आसपासच्या मुलखातून गेले. गिरणीच्या मस्टरवर, शाळेच्या दाखल्यावर आडनावाचा रकाना भरावा लागे आणि तिथे गावाला 'कर' जोडून मोकळं व्हायची सोपी वाट होती. त्यामुळे एकाच घरातला मुंबईचा भाऊ नेरूरकर आणि शेती बघणारा भाऊ गावडे, असं पुष्कळ घरांत दिसतं. तुमचं घर त्यातलंच असावं.

अर्थात 'कर'ची रीत गिरण्यांहून खूप जुनी आहे. कुडाळ-वेंगुर्ले पट्ट्यात फिरलात तर गावांच्या पाट्या म्हणजे मुंबईतल्या एखाद्या शाळेचा हजेरीपट वाटेल: नेरूर, वालावल, पाट, परुळे, म्हापण, केळूस, तुळस, मठ. प्रत्येक पाटीपुढे 'कर' लावा, ओळखीचं कुणीतरी आठवेलच. उलट दिशेने, म्हणजे आडनावावरून गाव शोधताना मात्र जपून. परुळ्याचा परुळेकर होतो, पण रेडीचा रेडकर आणि वायंगणीचा वायंगणकर. शेवटचा स्वर गळून जातो. शिवाय एकाच नावाची दोन गावं असतात. शिरोडा वेंगुर्ले तालुक्यात आहे तसा गोव्यात फोंड्याकडेही आहे, त्यामुळे शिरोडकर भेटला की कोणत्या शिरोड्याचा हे विचारावंच लागतं.

आणखी एक गोष्ट ठामपणे सांगतो, कारण आडनावावरून जात काढायची खोड आपल्यात फार आहे. 'कर' आडनाव जात सांगत नाही आणि नातंही सांगत नाही. गाव एक असलं की ब्राह्मण, मराठा, भंडारी, गाबीत, दलित, मुसलमान, कुणीही तेच आडनाव लावू शकतो. राजापूरकर, दाभोळकर हिंदूंत आहेत तसे कोकणी मुसलमानांतही आहेत. बाबासाहेबांच्या घराण्याचं मूळ आडनाव सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. त्यावरून आंबडवेकर आणि पुढे शाळेत आंबेडकर झालं.

सगळ्यात सुंदर उदाहरण मला बेने इस्रायलींचं वाटतं. हे ज्यू लोक अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले अशी त्यांची परंपरा सांगते. रायगडच्या गावागावांत ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांची आडनावं पाहा: पेणकर, रोहेकर, अष्टमकर, नवगावकर, दिवेकर, किहीमकर. पहिल्या नावांनाही कोकणचं वळण मिळालं. मुंबईत 1796 मध्ये ज्यूंचं पहिलं प्रार्थनामंदिर बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर आपल्या माणसांत सामाजी हसाजी दिवेकर होते. सॅम्युएलचा सामाजी, इझिकेलचा हसाजी. किनाऱ्यावर परके म्हणून उतरलेल्या माणसांना या मातीने किती जवळ केलं होतं, ते या एका नावात दिसतं. मला त्याचा फार अभिमान वाटतो.

क्वचित 'कर'च्या मागे गावाऐवजी देव दिसतो, तरी तिथेही गाव असतंच. दीनानाथांनी मंगेशकर हे आडनाव घेतलं ते गोव्यातल्या मंगेशी गावावरून, आणि गावाला ते नाव मिळालं मंगेशाच्या देवळावरून. पोर्तुगीज अमलात 1560 च्या सुमारास तो देव कुठ्ठाळीहून तिथे हलवलेला. अशा उलथापालथीत गोव्यातली कितीतरी घराणी उत्तरेला मालवण-राजापूरकडे आली. म्हणून कोकणातल्या कुणाचं कुलदैवत गोव्यात असलं तर घराण्याचं मूळ तिकडे शोधायला हरकत नाही.

गावडे हे मात्र मानाचं आडनाव; गावडा म्हणजे गावचा मानकरी, वतनदार. सावंत हे 'सामंत'वरून, दळवी हे सैन्याच्या तुकडीवरून. देवापुढे गाऱ्हाणं घालणारा घाडी, होडीचा प्रमुख तांडेल, जहाजावरच्या खलाशांचा म्होरक्या सारंग. मेस्त्री तर पोर्तुगीजांकडून आलाय. ही सगळी एकेकाळची कामं आणि हुद्दे.

आता धोंडू. हे नाव वाचून तुम्हाला थोडं ओशाळं वाटलं असं तुमच्या लिहिण्यावरून वाटलं. वाटू देऊ नका. पाठोपाठ मुलं दगावत अशा घरात पुढच्या मुलाला मुद्दाम हलकं नाव ठेवत: धोंडू, दगडू, केरू. दृष्ट लागू नये, मृत्यूला हे पोर घ्यावंसं वाटू नये, आणि ते दगडासारखं टिकावं. भिकाजी म्हणजे देवाकडे पदर पसरून मागितलेला. देवी, पटकी, प्लेग गावंच्या गावं ओस पाडत होते त्या काळातली ही नावं आहेत. पणजोबांच्या आधी त्या घरात एखादं मूल गेलं असण्याची शक्यता मोठी आहे. कोकणचेच महर्षी धोंडो केशव कर्वे 1858 मध्ये जन्मले आणि 1962 पर्यंत, 104 वर्षं जगले. 1958 मध्ये भारतरत्न झाले. तेव्हा मुलांना पणजोबांचं नाव ताठ मानेने सांगा.

शोध पुढे न्यायचा असेल तर हे लक्षात ठेवा. सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 ला झाला, त्याआधीच्या कागदांवर जिल्हा रत्नागिरी असेल. कुडाळचा भाग 1948 पर्यंत सावंतवाडी संस्थानात होता, म्हणून त्याहून जुने कागद संस्थानच्या दप्तरातले आणि बहुधा मोडीत असतील. मोडी वाचणारा माणूस गाठावा लागेल. पणजीचा माग काढताना तिचं माहेरचं नाव वेगळं असणार हे धरून चाला. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं की जुनं नाव कागदावरून पुसलंच जायचं, त्यामुळे माहेरच्या नोंदीत ती सासरच्या नावाने सापडत नाही. ते नाव घरातल्या एखाद्या आत्येलाच माहीत असतं.

नेरूरकर बदलून गावडे करावं का, असंही विचारलंय. राजपत्रात जाहिरात देऊन करता येतं, पण मी करणार नाही. तीन पिढ्यांचे दाखले, नोकऱ्या, घरं नेरूरकर नावावर आहेत आणि तेही तुमच्या माणसांनीच कमावलंय. जमिनीपुरती अडचण येत असेल तर आधी तलाठ्याकडे किंवा तहसील कार्यालयात सातबाऱ्याचे जुने फेरफार आणि कोतवाल बुक, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, यांच्या नकला मागा. एखाद्या वारस फेरफारात 'गावडे ऊर्फ नेरूरकर' असं लिहिलेलं सापडलं तर पुढचं काम पुष्कळ सोपं होईल.