वाचक विचारतात : बेटावरचे सरडे आणि त्यांची भावकी

प्रश्न : क्युबातला काटकीवर राहणारा अ‍ॅनोलिस सरडा आणि जमैकातला तसाच सरडा चित्रात शेजारी ठेवले तर जुळे वाटतात. तरी ते जवळचे नातेवाईक नाहीत असं वाचलं. डीएनएवरून हे ठरवतात तरी कसं?
– बारावीची विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : एकाच नक्षीच्या दोन चादरी दिसल्या म्हणून त्या एकाच मागावर विणल्या, असं कुणी सोलापूरकर म्हणणार नाही. इथेही तेच आहे. बारीक काटकीवर लांब पाय अडचणच करतात, म्हणून तिथल्या सरड्याचं अंग सडपातळ आणि पाय आखूड. बुंध्याशी बसून जमिनीवरच्या किड्यावर झेप घेणाऱ्याला मागचे पाय लांब लागतात. राहणीनुसार घडलेल्या अशा ठेवणीला अर्नेस्ट विल्यम्स यांनी १९७२ मध्ये ‘इकोमॉर्फ’ हे नाव दिलं. क्युबा, हिस्पॅनिओला, जमैका आणि प्वेर्तो रिको या चार मोठ्या बेटांवर मिळून अशा सहा ठेवणी मानतात.

आता दोन शक्यता मांडा. काटकीवाला सरडा एकदाच घडला आणि मग बेटोबेटी पसरला असेल, तर वंशवृक्षावर सगळे काटकीवाले एका फांदीवर यायला हवेत. प्रत्येक बेटावर तो नव्याने घडला असेल, तर तो आपल्याच बेटावरच्या लांब पायाच्या, वेगळ्या दिसणाऱ्या सरड्यांजवळ बसेल. जोनाथन लोसोस आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जाघरांच्या) डीएनएवरून झाड काढलं, तेव्हा कौल दुसऱ्या बाजूने पडला. जमैकाचे मूळचे अ‍ॅनोलिस तर सगळे एकाच पूर्वजाचे वंशज निघतात. क्युबा आणि हिस्पॅनिओलाचं चित्र इतकं स्वच्छ नाही, तिथे एकाहून अधिक घराणी एकमेकांत मिसळलेली दिसतात. आणि सहाही ठेवणी सगळीकडे नाहीत. निव्वळ खोडावर राहणारी ठेवण जमैकात नाही, प्वेर्तो रिकोतही नाही. पाठ्यपुस्तकं हा भाग गाळतात, आणि खरी गंमत तिथेच आहे.

प्रश्न : एमएस्सीच्या प्रकल्पात सरड्यांच्या एनडी२ या मायटोकॉन्ड्रियातल्या जनुकाचं झाड काढलं. पीसीआरचा (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या पद्धतीचा) पट्टा छान आला होता. पण एक नमुना भलत्याच फांदीवर गेला, दोन ठिकाणी बूटस्ट्रॅप (फांदी किती पक्की ते सांगणारा आकडा) ५२ आहे आणि प्रथिनात रूपांतर केलं की मध्येच ‘स्टॉप’, म्हणजे थांब्याच्या खुणा, येतात. कुठे चुकलं?
– विद्यार्थी, विजापूर रस्ता

उत्तर : आधी ‘स्टॉप’चं बघा. सगळ्याच नमुन्यांत ते येत असतील तर बहुधा सॉफ्टवेअरमध्ये नेहमीचा जनुकीय संकेत (डीएनएच्या अक्षरांवरून प्रथिन वाचण्याचा तक्ता) निवडलेला राहिला आहे. पृष्ठवंशीयांच्या मायटोकॉन्ड्रियात टीजीए ही तीन अक्षरं म्हणजे थांबा नव्हे, तर ट्रिप्टोफॅन हा प्रथिनाचा घटक. संकेत बदलला की ‘स्टॉप’ गायब होतील. वाचनाची चौकट एका अक्षराने सरकली असली तरी असंच होतं, तेही तपासा. संकेत आणि चौकट दोन्ही बरोबर असूनही एकाच नमुन्यात ‘स्टॉप’ उरले, तर हाती खरं जनुक नसून पेशीच्या केंद्रकात जाऊन बसलेली त्याची मृत नक्कल असू शकते. पट्टा तिचाही छानच येतो! क्रोमॅटोग्राममध्ये (अक्षरं वाचणाऱ्या यंत्राच्या आलेखात) एका जागी दोन शिखरं दिसतात का ते पाहा, आणि वेगळ्या प्रायमरने (प्रत काढायला सुरुवात करून देणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्याने) पुन्हा करा.

भलत्या फांदीवरच्या नमुन्यात नळीची अदलाबदल किंवा भेसळ झाली असण्याची शक्यता जास्त. डीएनए न घातलेली कोरी नळी त्या दिवशी लावली होती का? तिच्यातही पट्टा दिसला असेल तर त्या दिवसाचं सगळं काम बाद. नमुना दोन्ही टोकांकडून वाचून घ्या. सुरुवातीची ३०-५० अक्षरं जवळपास नेहमीच गढूळ येतात, ती कापा.

ऊतीपासूनच पुन्हा सुरुवात करणार असाल, तर ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा पुरतो. तो ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी इथेनॉल बदला, कारण ऊतीतलं पाणी उतरून ते पातळ होतं. फॉर्मॅलिन नको, त्याने डीएनए खराब होतो. आपल्याकडे मे महिन्यात साध्या झाकणाच्या नळीतून इथेनॉल उडून जातं, तेव्हा रबरी कडीची नळी घ्या. प्रोटिनेज-के हे प्रथिनं तोडणारं विकर घालून ५६ अंशांवर रात्रभर, ऊत पूर्ण विरघळेपर्यंत ठेवा. घाईने अर्धवट काढलेली नळी पुढे पीसीआरमध्ये दगा देते. पीसीआरला ९५ अंशांवर ३० सेकंद, ५० ते ५५ वर ३० सेकंद, ७२ वर एक मिनिट, अशी ३५ आवर्तनं. आगंतुक पट्टे आले तर मधलं तापमान दोन-दोन अंशांनी वाढवा.

बूटस्ट्रॅप ५२ म्हणजे झाड ५२ टक्के खरं, असा अर्थ नाही. अक्षरांचे स्तंभ पुन्हा पुन्हा निवडून हजार झाडं काढली, तर त्यातल्या ५२० मध्ये ती फांदी दिसली, इतकंच. साधारण ७० च्या खाली असलेली फांदी मोडून तिथे सरळ एकाच ठिकाणाहून फुटणाऱ्या फांद्यांचा पंजा दाखवा. मार्गदर्शक कुरकुरले तरी चालेल. शिवाय मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतात. पूर्वी कधी संकर झाला असेल तर हे झाड त्या जनुकाचा इतिहास सांगेल, प्रजातीचा नव्हे. केंद्रकातलं निदान एक जनुक जोडीला घ्या.

प्रश्न : बेटाचं वय माहीत असेल तर सरड्याचं वय काढता येतं ना?
– वाचक, अक्कलकोट

उत्तर : जपून. गॅलापागोसमध्ये आजच्या बेटांआधीची बेटं समुद्रात बुडालेली आहेत. तिथलं घराणं आज दिसणाऱ्या बेटांपेक्षा जुनं असू शकतं, म्हणजे बेटाचं वय धरलं तर डीएनएतल्या बदलांवरून वय मोजायचं घड्याळ चुकीचं लागतं. सरड्यांच्या मायटोकॉन्ड्रियासाठी दोन घराण्यांमध्ये दर दहा लाख वर्षांना सुमारे १.३ टक्के फरक, हा दर बराच वापरतात. पण जुन्या फाट्यांवर एकच अक्षर अनेकदा बदललेलं असतं, आणि साधी मोजणी वय कमी दाखवते.

प्रश्न : सोलापूरला समुद्र नाही. शाळेत यातलं काय करता येईल?
– शिक्षक, बार्शी

उत्तर : झाड काढता येईल. सरडा पकडून शेपटी कापणं मात्र वन खात्याच्या परवानगीशिवाय नको. जेनबँक या सार्वजनिक साठ्यातल्या क्रमिका (वाचून ठेवलेली डीएनएची अक्षरं) फुकट मिळतात आणि मेगा हे झाड काढायचं सॉफ्टवेअरही फुकट आहे.

दख्खनच्या माळावर गळ्याखाली पंख्यासारखी झालर उघडणारे सरडे घ्या. २०१६ मध्ये सिताना या प्रजातीगटातून काही जाती वेगळ्या काढल्या आणि नव्या गटाला नाव दिलं ‘सरडा’, आपलाच शब्द! त्यातली एक जात साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरची. दोन्ही गटांच्या मिळून १२-१५ एनडी२ क्रमिका उतरवा आणि बाहेरचा नातेवाईक म्हणून ओटोक्रिप्टिस हा सरडा जोडा. तो जोडला नाही तर झाडाला मूळ कुठे आहे ते कळणार नाही. एकदा झाड काढलं की मुलांना त्यातल्या तीन क्रमिका वगळून पुन्हा काढायला सांगा, आणि कोणत्या फांद्या हलल्या ते फळ्यावर मांडा.