गुलाबजल नेमकं कधी घालायचं?

प्रश्न : ताई, खिरीत मी दोन चमचे गुलाबजल घालते, पण वास म्हणून येत नाही. मागच्या वेळी वैतागून वाढताना वरून आणखी तीन चमचे ओतलं, तर मुलगा म्हणाला, "आई, खिरीत साबण पडला का?" माझं कुठे चुकतंय?

उत्तर : पैजेवर सांगते, पहिले दोन चमचे तुम्ही खीर गॅसवर रटरटत असताना घालता. गुलाबजल तयार कसं होतं ते बघा. पाकळ्या पाण्यात तापवतात, वाफ वर जाताना वास घेऊन जाते, ती वाफ गार करून धरतात. म्हणजे हा वास मुळात वाफेवर बसून आलेला. उकळत्या पातेल्यात घातलात की आल्या वाटेने परत जातो. खीर बिनवासाची राहते आणि स्वयंपाकघर घमघमतं! गॅस बंद करा, खीर कोमट होऊ द्या, मग घाला आणि लगेच झाकण ठेवा. साखरेच्या पाकालाही हेच.

एक लिटर दुधाच्या खिरीला एक चहाचा चमचा, इथून सुरुवात करा. प्रत्येक बाटलीचा जोर वेगळा, त्यामुळे माझ्या मापावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. मी वाटीभर खीर बाजूला काढते, तिच्यात थेंब-थेंब घालून चव बघते आणि मगच पातेल्याकडे वळते. खीर गार करून वाढणार असाल तर ती वाटीही गार करून चाखा. थंड पदार्थातून वास कमी सुटतो, कोमट असताना बेताचं वाटलेलं फ्रिजमधून निघाल्यावर दबतं.

आणि मुलाचं काही चुकलं नाही हो. गुलाबाचा वास आपण ताटापेक्षा न्हाणीघरातच जास्त घेतलेला असतो. तो पुढे आला की जिभेला साबणच आठवतो. खाणाऱ्याने "यात काय घातलंय?" असं विचारलं तर प्रमाण जमलं. "गुलाबजल घातलंय ना!" म्हणाला, तर थोडं जास्त झालं.

प्रश्न : चेहऱ्याला लावायचं गुलाबजल घरात आहे. तेच सरबतात वापरलं तर?

उत्तर : नको! हा उद्योग मी स्वतः केलेला आहे. पाहुणे दारात, खाण्याची बाटली रिकामी, म्हणून आरशापुढची उचलली आणि थंडगार दुधात दोन चमचे घातली. पहिल्या घोटाला वास झकास आला. दुसऱ्या घोटाला जिभेवर गोडसर, बुळबुळीत असं काहीतरी राहिलं. नंतर चष्मा लावून लेबल वाचलं, तर ग्लिसरीन, टिकवण्याची द्रव्यं आणि तळाशी बारीक अक्षरात 'फक्त बाह्य वापरासाठी'. पाहुण्यांनी पेले संपवले, तो त्यांचा चांगुलपणा.

लेबलवर खाण्यायोग्य असल्याचा स्पष्ट उल्लेख हवा. घटकांत गुलाबाचा अर्क आणि पाणी एवढंच असेल तर उत्तम. इसेन्स ही वेगळी वस्तू. तो फार तीव्र असतो, चमच्याने नव्हे, थेंबाने मोजायचा. गुलाबाचं सिरप तिसरंच, त्यात साखर आणि रंग. खरं गुलाबजल पाण्यासारखं रंगहीन असतं. बाटलीतलं गुलाबी दिसलं की समजा, रंग वरून घातलाय.

जाता जाता, फारसीत 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी. तिकडे 'गुलाब' हे या पाण्याचंच नाव, आपण ते फुलाला दिलं. 'गुलाबजल' म्हणताना आपण पाणी दोनदा ओततो.

प्रश्न : घरच्या घरी करता येईल का? पाकळ्या उकळून पाणी गाळलं, पण चव तुरट आली.

उत्तर : तो पाकळ्यांचा काढा झाला. रंग आणि तुरटपणा पाण्यात उतरला, वास उडाला. जाड बुडाच्या पातेल्यात मधोमध एक वाटी उपडी ठेवा, तिच्यावर दुसरी सुलटी. भोवती पाकळ्या आणि त्या जेमतेम बुडतील इतकं पाणी. वर झाकण उलटं ठेवा, म्हणजे त्याची मूठ आत, वाटीच्या बरोबर वर येईल. झाकणावर बर्फ. मंद आचेवर वाफ झाकणाला लागून गार होते, मुठीवरून वाटीत ठिबकते. बर्फ वितळला की पाणी काढून नवा घाला. वाटीभर जमलं की थांबा, लोभ केलात तर मागून नुसतं पाणी येतं.

फुलं मात्र वासाची आणि बिनफवारणीची हवीत. गुच्छातले लांब दांड्याचे गुलाब दिसायला देखणे, पण वास बहुतेकदा नावालाच आणि औषध मारलेलं. कनौजला आणि इराणात काशानकडे गुलाबजल होतं ते दमास्क जातीच्या सुवासिक फुलांचं. घरचं गुलाबजल उकळलेल्या, कोरड्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्यात संपवा.

प्रश्न : गुलाबजलाने दूध फाटतं का? आणि फळांबरोबर चालतं का?

उत्तर : नुसत्या गुलाबजलाने फाटत नाही. फाटलं असेल तर त्यात लिंबू पिळलं होतं का, ते आठवा. फळांत स्ट्रॉबेरी, सफरचंद, नासपती यांच्याशी छान जमतं. ही सगळी वनस्पतिशास्त्रात गुलाबाच्याच कुळातली, बदामसुद्धा. चिरलेल्या स्ट्रॉबेरीवर चमचाभर साखर आणि अर्धा चमचा गुलाबजल घालून दहा मिनिटं झाकून ठेवा. तळाशी सुटलेला लाल रस गार पाण्यात ढवळलात की सरबत तयार.