हात बसेपर्यंत

बाळ, आशीर्वाद.

ग्रामीण रुग्णालयात नर्स म्हणून रुजू व्हायच्या आधीच तुझी झोप उडाली आहे. ट्रेनिंगमध्ये इंट्राकॅथ, म्हणजे सलाईनसाठी शिरेत बसवायची नळी, मोजून चार-पाच लावले, तेही बहुतेक रबरी हातावर. यात लपवण्यासारखं काही नाही. पहिल्याच दिवशी इन्चार्ज सिस्टरला कोणतं काम किती वेळा केलं ते आकड्यात सांग. नुसतं ‘येतं’ म्हणालीस तर नाईटला एकटी सापडशील.

आधी लाईनचं, म्हणजे इंट्राकॅथ लावायचं. टर्निकेट, म्हणजे दंडाला आवळायचा पट्टा, टोचायच्या जागेच्या चार बोटं वर बांध, मिनिटभरापेक्षा जास्त ठेवू नकोस. शीर बोटानं शोध, दाबली की उसळते ती. वावरात राबलेल्या हातांची कातडी जाड असते, तिथे डोळा फसतो. उन्हानं आटलेल्या पेशंटचा हात आधी पलंगाखाली लोंबू दे. स्पिरिट पूर्ण वाळू दे. शिरेच्या खालची कातडी अंगठ्यानं ताणली नाही तर शीर सुईपासून पळते. सुई 15 ते 30 अंशांत घाल. नवख्यांचं हुकतं ते रक्त दिसल्यावर. तेव्हा सुईचं टोक शिरेत असतं, प्लॅस्टिकची नळी मात्र अजून बाहेरच. म्हणून रक्त दिसलं की सुई आडवी कर, दोन-तीन मिलिमीटर पुढे ने आणि मग नळी सरकव. आधी टर्निकेट सोड, नंतर सुई काढ. काढलेली सुई परत नळीत घालायची नाही, नळी आतच कापली जाते. दोनदा हुकलं तर दुसरीला हाक मार. तिसऱ्यांदा टोचून पाहणं ही जिद्द नव्हे.

सलाईनचे थेंब मोजताना आधी सेटचं पाकीट वाच. एका मिलीला 20 थेंब पडणाऱ्या सेटवर 500 मिली चार तासांत द्यायचं तर मिनिटाला साधारण 42.

पाऊस लागला की धुऱ्यावरचे, पऱ्हाटीतले सापाचे पेशंट येतील. 2 मिली ताजं रक्त कोरड्या, नव्या काचेच्या नळीत घे, 20 मिनिटं हात लावू नकोस, मग एकदाच तिरपी कर. रक्त गोठलं नाही तर विष भिनलंय असं धरतात. साबणानं धुतलेल्या किंवा प्लॅस्टिकच्या नळीत चांगलं रक्तही गोठत नाही आणि गरज नसताना सापाच्या विषावरची लस चढते. उलटही होतं. मण्यारीच्या दंशात रक्त नीट गोठतं आणि पापण्या मिटायला लागतात. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतं म्हणून आला तर अंगावर खूण नसली तरी पापण्या बघ, त्याला मान उचलायला सांग आणि डॉक्टरांना उठव. ते रागावले तर रागावू दे.

लसीच्या बाटलीत 10 मिली पाणी घालून ती तळव्यांत फिरव. हलवलीस तर फेस होतो. सुरुवातीला 10 बाटल्या, तासाभरात. लस सुरू व्हायच्या आधी ॲड्रेनलिन, म्हणजे रिॲक्शनवरचं इंजेक्शन, सिरिंजमध्ये भरून ठेव. पित्त उठलं, घरघर लागली किंवा बीपी पडलं तर लस थांबव आणि मोठ्या माणसाला मांडीच्या स्नायूत ते ॲड्रेनलिन 0.5 मिली दे.

ड्यूटी घेताना इमर्जन्सी ट्रे स्वतः उघड. ॲम्प्यूल मोज, तारखा वाच, ऑक्सिजनचा पाना सिलिंडरलाच बांधलेला आहे का बघ. रात्री दोनला तो कोणालाच सापडत नाही.