एकी हवी असेल तर आधी कुरकुर ऐक

बाळा, सलाम.

तुझा लांबलचक मेसेज सावकाश वाचला. चर्चच्या तरुण संघाची सेक्रेटरी झालीस, फार बरं वाटलं, तुझ्यासारख्या मुली पुढे यायलाच हव्यात. पण तू पुढे जे लिहिलंयस, की आमच्या मंडळीत एकी नाही, सकाळी सातच्या मराठी उपासनेचे लोक वेगळे, साडेनऊच्या इंग्लिश सर्व्हिसचे वेगळे, तर दोन्ही बंद करून एकच कंबाइन सर्व्हिस करूया म्हणजे प्रश्न मिटेल, त्यावर मला जरा सविस्तर बोलायचंय. ठाण्यात आणि खाडीपलीकडे तुमच्या नवी मुंबईत असे प्रयोग मी बरेच बघितलेत, आणि त्यातून एकी झालेली फार थोड्या ठिकाणी बघितलीय.

कंबाइन सर्व्हिसमध्ये होतं काय ते सांगतो. स्क्रीनवर इंग्लिश गाणी येतात, मध्ये एक मराठी गाणं, तेही मुलांना जमेल अशा चालीत. नगर-राहुरीकडून मुलाकडे राहायला आलेली एखादी आजी गाण्यांचं पुस्तक मांडीवर घेऊन बसलेली असते आणि शेजारणीला विचारत असते, कितवा नंबर, कितवा नंबर, पण आता नंबर कोणी सांगतच नाही. चाळीस वर्षं जी बाई पुस्तक न उघडता गायची ती आता गप्प उभी. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, वा, सगळे एकत्र आले! अगं, एकत्र आले नाहीत, ज्यांना माईकवर बोलता येतं त्यांची भाषा उरली आणि बाकीचे गप्प झाले.

आता बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय काढ. यरुशलेमची पहिली मंडळी, सगळं ताजं, आणि तिथेच कुरकुर सुरू झाली, की रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय. म्हणजे भांडण भाषेचं आणि जेवणाचं, अगदी आपल्यासारखंच. प्रेषितांनी "अरे आपण सगळे ख्रिस्तात एकच ना, मग कशाला कुरकुरता" असं म्हणून विषय मिटवला नाही. त्यांनी मंडळीला सात माणसं निवडायला सांगितली आणि वाटणीचं काम त्यांच्या हातात दिलं. त्यांची नावं वाच: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकनोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सगळी ग्रीक नावं! ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूच्या माणसांकडे कारभार गेला, आणि पुढचंच वचन सांगतं की शिष्यांची संख्या खूप वाढली. मला वाटतं एकीबद्दल बायबलमध्ये यापेक्षा कामाची गोष्ट नाही आणि आपण ती फक्त डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, नेमायच्या दिवशी वाचतो.

म्हणून "आपण सगळे एकच आहोत" हे वाक्य कोण कोणाला म्हणतंय याकडे लक्ष ठेव. बहुतेक वेळा ज्याचं सगळं नीट चाललंय तो ते म्हणतो, आणि ज्याला त्रास आहे त्याचं तोंड बंद होतं. जातीचं तर सोडूनच दे. आपल्या मराठी मंडळ्यांत आडनाव विचारून झालं की लगेच "मूळ गाव कुठलं" विचारतात, आणि लग्न जुळवताना ते कशासाठी विचारतात हे तुलाही माहीत आहे मलाही. हे आहे. नाही म्हणून ते जात नाही. कोणी हळू आवाजात यावर बोललं तर त्याला भांडखोर ठरवू देऊ नकोस.

वेगळेपण ठेवून एक होता येतं का, तर येतं. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपूरला सहा चर्च मिळून सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झालं, त्यात अँग्लिकन होते, मेथडिस्ट होते, बॅप्टिस्ट होते, ब्रेदरन होते. कोणी बाळाला बाप्तिस्मा देणारे, कोणी म्हणणारे की मोठं होऊन स्वतः विश्वास कबूल केल्यावरच. हा काही छोटा फरक नाही, यावरून युरोपात माणसं मारली गेलीत. तरी इथे दोन्ही पद्धती एका चर्चमध्ये मान्य केल्या. अनेक वर्षं बसून, चर्चा करून, एकेक मुद्दा लिहून काढून. वरवरच्या प्रेमाने हे झालं नाही.

आणि आपलं ठाणं तर यात फार जुनं आहे. 1321 साली चार फ्रान्सिस्कन, म्हणजे रोमच्या चर्चचे संन्यासी, इथे आले, तीन इटलीचे आणि एक जॉर्जियातल्या तिफ्लिसचा, भाषा जाणणारा, आणि ते उतरले कुठे तर इथल्या नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या मंडळीच्या, ख्रिस्ती कुटुंबाच्या घरी. रोमच्या दृष्टीने हे नेस्टोरियन पाखंडी, शेकडो वर्षांपासून दोन्ही मंडळ्या वेगळ्या, तरी घर उघडलं गेलं. पुढे ते चौघेही ठाण्यातच मारले गेले. मला नेहमी त्या घराचंच कौतुक वाटतं.

तुमच्याकडे तर सिडकोच्या नोडमध्ये चहूकडची माणसं आलीत, केरळचे मार्थोमा आणि सिरो-मलबार, तमिळ, तेलुगू, मंगलोरी, आणि सगळ्यांच्या आधीपासून इथलेच असलेले ईस्ट इंडियन ख्रिस्ती. सगळ्यांना एका साच्यात कशाला घालायचं? दोन उपासना असू देत, त्यात पाप नाही. मी काय बघतो सांगू? कापणीच्या सणाला लोकांनी चर्चमध्ये आणलेल्या वस्तूंचा लिलाव. त्या दिवशी शेंगदाण्याच्या चटणीच्या बाटलीवर साडेनऊवाले आणि सातवाले मिळून बोली लावतात, हसतात, एकमेकांची नावं कळतात, छान असतं. पण लिलाव संपल्यावर पातेली घासायला कोण थांबतं ते बघ. दरवर्षी त्याच चार बायका असतील आणि त्यातली एकही कमिटीवर नसेल तर तुझा प्रश्न तिथे आहे, सर्व्हिसच्या वेळेत नाही.

तर ठराव मांडायची घाई करू नकोस. आधी सातच्या उपासनेला सलग काही रविवार जा, चहाला थांब, आणि लोकांना काय खुपतं ते विचार. कमिटीची मीटिंग कधी असते बघ, वीकडेला संध्याकाळी आणि इंग्लिशमध्ये असेल तर तळोज्याला शिफ्ट करणारा माणूस कसा येणार? नाताळच्या कार्यक्रमाचं बजेट या वर्षी सातवाल्यांच्या हातात द्या, खरोखर द्या, मागून सूचना न करता. ढोलकी-पेटी आली तर येऊ दे, रेव्हरंड ना. वा. टिळकांनी भजनं लिहून दिलीत ती कपाटात ठेवायला नाही. तुझ्या मैत्रिणींना ते जुनाट वाटेल, वाटू दे, त्यांनाही बसवून घे आणि त्यांची कुरकुरही ऐक, कारण इंग्लिशमध्ये वाढलेल्या पोरांचंही दुखणं खरंच असतं, त्यांना मराठी प्रवचन अर्धंच कळतं आणि वर टोमणे मिळतात.

पाळकांशी बोलताना मोठ्या कमिटीसमोर नको, आधी घरी जाऊन बोल, सोबत आजीवर्गातल्या एकदोघींना ने. आणि ते काय म्हणाले ते मला कळव, शनिवारी संध्याकाळी मी घरीच असतो.

तुझा,
काका