कोऱ्या क्लेम फॉर्मवर सही झालीय? आधी तो फॉर्म थांबवा

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दिवसा नोकरी, संध्याकाळी दोन-तीन तास वडिलांच्या नावावरची गाडी घेऊन ॲपवरून जेवणाच्या डिलिव्हऱ्या, आणि अशाच एका फेरीत वळणावर बाइकवाल्याला धडक, त्याचा पाय फ्रॅक्चर, तुमचा बंपर आणि एक हेडलाइट गेला. पॉलिसी साधी प्रायव्हेट कारची. एजंट म्हणतोय "पर्सनल कामाला चाललो होतो असं टाकू, नाहीतर क्लेम पास होणार नाही", त्याने वडिलांची कोऱ्या फॉर्मवर सही घेऊन ठेवलीय आणि वडिलांना डिलिव्हरीचं काहीच माहीत नाही.

तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि तो फॉर्म कंपनीत जायच्या आत परत घ्या. गेला असेल तर वडिलांच्या ईमेलवरून आजच कंपनीला कळवा की फॉर्म कोरा असताना सही घेतली होती, खरी माहिती अशी अशी आहे. त्या फॉर्मात एक रकाना असतो, अपघाताच्या वेळी गाडी कशासाठी वापरात होती. तुमची सगळी केस त्या एका ओळीवर उभी आहे. ॲपकडे तुमचं लॉगिन, ऑर्डर उचलल्याची वेळ, लोकेशन सगळं आहे, आणि पंचनाम्यात मागच्या सीटवरची डिलिव्हरी बॅग लिहिली गेली असेल तर खोटं दोन दिवससुद्धा टिकणार नाही. अटीचा भंग झाला तरी भांडायला जागा राहते, फॉर्मवर खोटं लिहिलं की तीच जागा जाते. एजंटचं काय, सही त्याची नाही.

अट कुठली ते बघा. पॉलिसीत 'लिमिटेशन्स ॲज टू यूज' म्हणून चार ओळी असतात, कोणी वाचत नाही. त्यात भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर नको असं असतं, आणि सॅम्पल्स किंवा स्वतःचं सामान सोडून इतर मालाची वाहतूक नको असंही असतं. डिलिव्हरी या दुसऱ्या ओळीत सरळ बसते, त्यामुळे भंग झालाच नाही असं मी तुम्हाला सांगणार नाही.

पण याचा परिणाम दोन ठिकाणी वेगवेगळा होतो. जखमी माणसाचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात जाईल, आणि तिथे कंपनीला वाटेल तो बचाव घेता येत नाही, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १५० मध्ये जे बचाव दिलेत तेवढेच. त्यात 'भाडं किंवा मोबदला' आहे, नुसती मालवाहतूक वेगळी लिहिलेली नाही, म्हणजे तुमच्या वकिलाला तिथे लढायला जागा आहे. भंग सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची, हे सुप्रीम कोर्टाने २००४ च्या स्वर्णसिंग निकालात सांगितलंय. मात्र कंपनीने तो सिद्ध केला तर कोर्ट बरेचदा 'आधी पैसे द्या, मग मालकाकडून वसूल करा' असा आदेश करतं. मालक म्हणजे तुमचे वडील. म्हणून न्यायाधिकरणाची नोटीस आली की हजर राहायचंच, एकतर्फी होऊ द्यायचं नाही. आणि त्या बाइकवाल्याला दवाखान्यात जाऊन भेटून या, पण रोख देऊन परस्पर मिटवायला जाऊ नका.

डिलिव्हरीसाठी गाडी चालवली म्हणून लायसन्स चालणार नाही, ही काळजी सोडा. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७५०० किलोपर्यंतचं ट्रान्सपोर्ट वाहन चालतं, घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्येच हे स्पष्ट केलंय.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं मात्र वेगळं. तिथे कंपनी बहुधा नाही म्हणेल. तेव्हा २०१० चा अमलेंदू साहू निकाल पुढे करा. प्रायव्हेट पॉलिसीची गाडी भाड्याने दिलेली असताना अपघात झाला होता, आणि सुप्रीम कोर्ट म्हणालं की क्लेम पूर्णच नाकारता येणार नाही. अशा भंगात 'नॉन-स्टँडर्ड' म्हणून ७५ टक्क्यांपर्यंत देता येतात. हमखास मिळतील असं नाही, पण नकार लेखी घ्या, कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा, महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे एक वर्षाच्या आत जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही. तक्रार वडिलांच्या नावाने.

त्याआधी एक हिशेब मात्र नक्की करा. प्लॅस्टिक पार्टवर साध्या पॉलिसीत ५० टक्के घसारा कापतात, घसारा न कापणारं झिरो डेप कव्हर नसेल तर बंपरचे निम्मे तिथेच गेले, उरलेल्याचे ७५ टक्के, आणि वर नो क्लेम बोनस शून्यावर. पाच वर्षं क्लेम नसेल तर वडिलांना आज ओडी (ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर ५० टक्के सूट असेल, ती जाऊन पुन्हा २० पासून चढायचं. बंपर-लाइटपुरतंच असेल तर ओडी क्लेम सोडून दिलेला बरा पडू शकतो. अपघात झाल्याचं कंपनीला कळवायचं मात्र टाळू नका, थर्ड पार्टीसाठी ते लागणारच.

डिलिव्हरी पुढे चालू ठेवायची का, तर या गाडीवर नको, निदान कंपनीशी लेखी बोलल्याशिवाय तरी नको. ट्रान्सपोर्टमध्ये नोंद, पिवळी प्लेट, फिटनेस, कमर्शियल पॉलिसी हे सगळं दोन तासांच्या कामाला परवडत नाही असंच मला आजवर दिसलंय. तुम्ही पत्रात फक्त पेट्रोल धरलंय. रिकामं परत यायचे किलोमीटर, टायर, क्लच, लवकर येणारी सर्व्हिसिंग आणि विकताना कमी येणारी किंमत एका वहीत महिनाभर लिहून बघा, हातात किती उरतं ते दिसेल. ॲपवाले देतात तो अपघात विमा असेल तर तो तुमच्या अंगाचा असतो, गाडीचा नाही, ते कागदही काढून वाचा.

आणि वडिलांना आज रात्रीच सांगा. नोटीस त्यांच्या नावाने येणार आहे, ती पोस्टमनकडून कळण्याआधी तुमच्याकडून कळू द्या.