गोडो ४ या गेम इंजिनमध्ये एका शत्रूचा रंग बदलला की सगळ्यांचाच बदलतो. प्रत्येकाला वेगळं मटेरियल (वस्तूचा रंग, चमक वगैरे ठरवणारी सेटिंग्ज) द्यावं का?

नुसत्या रंगासाठी? अजिबात देऊ नका.

गोडो रिसोर्सची (मटेरियल हाही एक रिसोर्सच) फाइल एकदाच मेमरीत आणतं आणि सगळे शत्रू तेच एक मटेरियल वापरतात. म्हणून स्क्रिप्टमधून अल्बेडो (मूळ रंग) बदलला की सगळेच लाल होतात. यावर 'मेक युनिक' करा किंवा 'लोकल टू सीन'वर टिक करा (दोन्हींनी मटेरियलच्या वेगळ्या प्रती होतात), असं सांगणारे बरेच भेटतील. दोन-चार वस्तूंसाठी ते ठीक आहे. पण 'मेक युनिक'ने प्रती सुट्या झाल्या की पुढे रफनेस (पृष्ठभागाचा खडबडीतपणा) बदलायचा तर प्रत्येक प्रत उघडत बसावं लागतं, आणि एखादी हमखास राहून जाते.

आधी क्रम नीट समजून घ्या. सगळ्यात खाली मेशचं (मॉडेलच्या आकाराचं) स्वतःचं मटेरियल. त्यावर मेशइन्स्टन्स थ्रीडीमधलं (मेश दाखवणाऱ्या नोडमधलं) 'सरफेस मटेरियल ओव्हरराइड', जे प्रत्येक सरफेसला (मेशच्या भागाला) वेगळं देता येतं. आणि या दोन्हींवर मात करणारं 'मटेरियल ओव्हरराइड'. ते भरलंत की डोळे, कातडी, चिलखत सगळ्यावर एकच मटेरियल चढतं, त्यामुळे ते जपून वापरा. मार बसल्यावर क्षणभर लाल झाक दाखवायची असेल तर 'मटेरियल ओव्हरले' घ्या. त्यात मूळ मटेरियल तसंच राहतं, वर फक्त एक थर येतो.

तुमच्या कामासाठी मी इन्स्टन्स युनिफॉर्म वापरेन. युनिफॉर्म म्हणजे शेडरला (वस्तू कशी दिसावी हे ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला) बाहेरून दिलेलं मूल्य; इन्स्टन्स युनिफॉर्म प्रत्येक वस्तूसाठी वेगळं ठेवता येतं. स्टँडर्ड मटेरियलवर राइट क्लिक करून ते शेडर मटेरियलमध्ये बदलून घ्या. शेडरमध्ये रंगाच्या युनिफॉर्मच्या आधी 'इन्स्टन्स' हा शब्द लिहा. मग प्रत्येक शत्रूच्या मेश नोडवर 'सेट इन्स्टन्स शेडर पॅरामीटर' हे फंक्शन बोलवून त्याचा त्याचा रंग द्या. मटेरियल एकच राहतं, बदलतं फक्त रंगाचं मूल्य. रफनेस एका जागी बदला, सगळीकडे लागू.

मर्यादा आहेत. एका शेडरमध्ये असे १६ पर्यंतच युनिफॉर्म धरून चाला, आणि त्यात टेक्श्चर (पृष्ठभागावर चढवायचं चित्र) देता येत नाही. टेक्श्चरच वेगळं हवं असेल तर सगळी एका टेक्श्चर ॲरेमध्ये (क्रमांक लावलेल्या चित्रांच्या संचात) भरा, तो ॲरे साध्या युनिफॉर्ममधून द्या आणि इन्स्टन्स युनिफॉर्ममधून फक्त क्रमांक पाठवा.

मॉडेल ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधून येत असेल तर ॲडव्हान्स्ड इम्पोर्ट सेटिंग्जमध्ये त्या मटेरियलला 'यूज एक्स्टर्नल' चालू करून तुमची फाइल जोडा. नंतर मॉडेल कितीदाही रीइम्पोर्ट झालं तरी तुमचं मटेरियल जागेवर राहतं.